खालचा माईक

मोठ्या पाळकांनी खिशातून पांढरा रुमाल काढला की मी इकोचं बटण वर न्यायचं, हे आमच्या चर्चमध्ये न बोलता ठरलेलं होतं. रुमाल कपाळाला लागायचा, आवाज छताला जाऊन परत यायचा आणि सगळी मंडळी एका सुरात ‘आमेन’ म्हणायची. लोक म्हणत, पवित्र आत्मा उतरला. उतरत असेलही, मी कोण नाही म्हणणारा? पण बटण माझ्या बोटाखाली होतं, एवढं मला माहीत होतं.

मी स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान आहे. आत एक गिऱ्हाईक आलं की दुसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढं मोठं. शाळा अर्ध्यात सुटली, नंतर जे शिकलो ते सोल्डरच्या धुरात. रविवारी चर्चचा माईक सांभाळतो. बाकीचे लोक उपदेश ऐकतात तो हवेतून. मी हेडफोन लावून ऐकतो, त्यामुळे मला उपदेशाच्या मागचा माणूसही ऐकू येतो. मोठे पाळक गहिवरायच्या आधी घोटभर पाणी प्यायचे. दर वेळी. पाणी आधी, गहिवर नंतर.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दवाखान्यात जाऊन कुणाच्याही उशाशी तासन्‌तास बसायचा. पण बोलायला उभा राहिला की लोकांची डोकी छत्र्यांबरोबर दाराबाहेर राहायची, आणि त्याला ते आवडायचं. मला राग याचाच होता.

एका रविवारी ऐन उपदेशात कुणीतरी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. शेजाऱ्याला गाडी बाहेर काढायची होती आणि फाटकात कुणाची तरी निळी गाडी आडवी उभी होती. पाळकांनी चिठ्ठी वाचली ती त्याच सुरात. निळी गाडी, फाटकात, आडवी उभी आहे. आणि थांबले. सगळ्या मंडळीने ‘आमेन’ म्हटलं. निळ्या गाडीच्या मालकानेही म्हटलं, डोळे मिटून, आणि जागचा हलला नाही. शेजारी बिचारा भोंगा वाजवत बसला. मी तोंडावर हात दाबून हसलो. मग हसू गेलं, कारण दुसऱ्या बाकावरून माझ्या आईनेही ‘आमेन’ म्हटलं होतं.

आईला तुम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये पाहायला हवं होतं. तिथली ती मुख्य स्वयंपाकीण. मॅनेजर ताट घेऊन मधे घुसला तर डाव त्याच्या दिशेने रोखून ‘रांगेत या’ म्हणणारी बाई. तांदळाच्या पोत्यात हात घातला की कुठल्या व्यापाऱ्याने काय मिसळलंय ते सांगणारी. अख्ख्या कारखान्यात तिला कुणी फसवून दाखवलं नाही. आणि हीच बाई रविवारी घरी आल्यावर मी विचारायचो, आज काय सांगितलं गं, तर म्हणायची, फार सुंदर झालं. काय सुंदर? सगळंच. अगं पण विषय काय होता? त्यावर ती माझ्याकडे अशी पाहायची, जणू मी देवाच्याच खिशात हात घातलाय.

मग मोठे पाळक एका मोठ्या चर्चमध्ये गेले आणि आमच्याकडे नवे आले. आमचा नियम असा की नवा पाळक आधी वर्षभराच्या बोलीवर येतो. वर्ष सरलं की मंडळी मत देते. ज्याला पाळक कायम हवा त्याने उभं राहायचं, नको असेल त्याने बसून राहायचं.

नवे पाळक आदल्या शनिवारी माईक बघायला आले. किडकिडीत माणूस, आवाज बारीक, वाक्याच्या मधेच थांबायची सवय. त्यांनी पहिलंच विचारलं, हा घुमणारा आवाज काढता येईल का? मी म्हटलं, काढतो, पण मग तुम्ही अडखळलात की सगळ्यांना कळेल.

“कळू दे,” ते म्हणाले. “मलाही त्यांचं खोकणं ऐकू यायला हवं. उपदेश सैल पडला की लोक खोकतात.”

मग त्यांनी दुसरा माईक मागितला. वरच्यासाठी नाही. खाली, बाकांच्या मधल्या वाटेत, स्टँडवर. उपदेश झाल्यावर कुणाला काही विचारायचं असेल, म्हणायचं असेल, तर. मी स्पष्ट सांगितलं की आमच्या इथे कुणी विचारणार नाही.

“मग रिकामा राहील. असू द्या.”

आणि राहिला की रिकामा. कितीतरी रविवार तो स्टँड वाटेत उभा, पाहुणा आल्यासारखा, आणि लोक त्याला वळसा घालून जायचे. उपदेश संपला की नवे पाळक त्याच्याकडे पाहत थांबायचे. लोक बुटांकडे पाहायचे. कुणीतरी त्यांचं नाव थांबे पाडलं, आणि ते असं चिकटलं की नव्याने आलेल्या माणसाला ते आडनावच वाटायचं.

पण हेडफोनमध्ये मी जे ऐकत होतो ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस आठवडाभर राबून यायचा. पुढच्या रविवारचा उतारा आधीच सांगून ठेवायचा, घरी वाचून या म्हणायचा. मग शास्त्रात काय लिहिलंय ते सांगायचा, काय लिहिलेलं नाही तेही सांगायचा, आणि मधेच थांबून म्हणायचा, इथे मला कळत नाही. पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा पुढच्या बाकावर आमच्या सेक्रेटरीसाहेबांची मान लाल झाली. सेक्रेटरींचं गाद्यांचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना गादीवाले म्हणतात. त्यांना उपदेशही तसाच लागतो, पाठ टेकली की झोप यावी असा.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा उतारा होता, सकाळी आलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो तो, तेव्हा थांबे त्या आठवड्यात एका सकाळी नाक्यावर जाऊन उभे राहिले, जिथे रोजंदारीवाले कामाची वाट पाहतात तिथे. दुपारपर्यंत राहिले. रविवारी सांगितलं ते एवढंच, की संध्याकाळी कामावर आलेला माणूस आळशी नव्हता, त्याला दिवसभर कुणी नेलं नव्हतं. आणि काम न मिळालेला माणूस उभा कसा राहतो तेही सांगितलं. एक पाय पुढे, बोलावलं तर लगेच निघता यावं म्हणून. चर्चमध्ये कुणी खोकलं नाही.

त्या दिवशी खालच्या माईकवर पहिला माणूस आला. आमचा गवंडी. माईकला एवढा चिकटला की स्पीकर किंचाळला. तो म्हणाला, मी सकाळपासून राबलो असतो आणि संध्याकाळच्याला माझ्याइतकंच मिळालं असतं तर मी भांडलो असतो, मग देव मला काहीही म्हणो. अख्खी मंडळी गार पडली.

“भांडा ना,” थांबे म्हणाले. “गोष्टीतलेही भांडले. मालकाने त्यांना हाकलून दिलं नाही. ‘मित्रा’ म्हणाला आणि उत्तर दिलं.”

त्यानंतर खालचा माईक रिकामा राहिला नाही. आणि आमच्या घरातली शांतता संपली. आईने जवळचं वाचायचा चष्मा करून घेतला. भाजी चिरता चिरता पुस्तक ताकाच्या भांड्याला टेकवून उतारा वाचायची, पानांवर कोथिंबिरीचे डाग. रविवारी दारातून आत येतानाच सुरू व्हायची: तुझे थांबे आज चुकले. कुठे चुकले ते तिला सांगता यायचं, कशावरून ते दाखवताही यायचं. बुधवारपर्यंत ती म्हणायची, चुकले नाहीत, मीच घाईत वाचलं. शनिवारी पुन्हा म्हणायची, नाही, चुकलेच. माझी बायको मला हळूच म्हणायची की सासूबाईंना कँटीनमधून निवृत्त करून आता चर्चमध्ये कामाला लावलंय. पण तीही वाचायला लागली होती.

यात सगळ्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. काही लोक सोडून गेले. शेजारच्या एका काकूंचा नवरा नुकताच गेला होता. त्या म्हणाल्या, मला विचार करायचं बळ नाही रे, मला नुसतं धरून बसणारं कुणीतरी हवंय. थांबे त्यांच्याकडे गेले आणि काही न बोलता बसले, पण व्यासपीठावरून तसा आधार त्यांना देता यायचा नाही, हे खरं. गादीवाल्यांनी नेमकं तेच पकडलं. पंचांच्या बैठकीत ते म्हणाले, लोक इथे आधाराला येतात, परीक्षेला नाही. चार माणसांना ते पटलं. मला संताप आला. ज्याला आपण आधार म्हणत होतो त्याने माणसं बसल्या जागी उशा झाली होती, हे कुणी बोलायला तयार नव्हतं.

वर्ष भरत आलं. मताचा रविवार आणि चर्चच्या वाढदिवसाची उपासना गादीवाल्यांनी बरोबर एकाच दिवशी आणली. पाहुणे म्हणून बोलावलं कुणाला? मोठ्या पाळकांना. सकाळी त्यांनी बोलायचं, लोकांना जुनी चव आठवायची, आणि तोंडात ती चव असतानाच दुपारी मत घ्यायचं. डाव सरळ होता. मला हुकूम आला: इको चालू ठेवायचा आणि खालचा माईक काढून ठेवायचा. मी म्हटलं, साहेब, तो आता लोकांचा झालाय. ते म्हणाले, तुला माईक सांभाळायला ठेवलाय, मंडळी नाही. मी माईक पेटीत ठेवला. ठेवताना शिवी आली तोंडात, चर्चमध्ये होतो म्हणून गिळली.

मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. थांबे राहायला हवे होते. नाहीतर आई पुन्हा ‘फार सुंदर झालं’वर जाणार, याची मला धास्ती होती.

मोठे पाळक आले. चर्च गच्च. थांबे सगळ्यात मागच्या बाकावर, दाराजवळ, पोरंबाळं घेऊन बसलेल्या बायकांच्या मधे. विषय मार्था आणि मरीया. घरी गुरू आला आहे. मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था स्वयंपाकघरात धडपडत तक्रार करत राहिली. खोटं कशाला बोलू, मोठे पाळक त्या दिवशी जबरदस्त बोलले. पायाशी बसलेली ती मुलगी त्यांनी अशी उभी केली की माझ्या अंगावर काटा आला. वर्षभरात मी हे विसरलो होतो, की या माणसाला खरोखर येतं.

मग रुमाल निघाला. मी बटण वर नेलं. पाळक म्हणाले, मार्था स्वयंपाकघरातच राहिली, आणि शास्त्राने तिला तिथेच सोडलं. विश्वासाचा एक शब्द, एक शब्द तिच्या तोंडून शास्त्रात आलेला नाही.

आणि थांबले.

पुढच्या बाकांवरून दोनचार ‘आमेन’ आले, एकटे पडले आणि विरले. हेडफोनमध्ये मला वेगळाच आवाज यायला लागला. खरखर. वाटलं वायर गेली. मी जोडणी हलवून पाहिली, तरी तेच. मग मी डोकं वर केलं. लोक पानं उलटत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मांडीवर पुस्तक उघडून, बोट ओलं करून, सगळे.

आई उभी राहिली.

“पाळकसाहेब, आहे की,” ती म्हणाली. तिला खालचा माईक नसल्याने काही फरक पडला नाही. कारखान्याच्या भोंग्यातूनही ऐकू जाणारा आवाज तो. “त्यांचा भाऊ लाजर मेला तेव्हाचं वाचा. मार्था गावाबाहेर येशूला सामोरी गेली. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं तोंडावर म्हणाली. आणि तूच ख्रिस्त आहेस, हेही तीच म्हणाली. मरीया घरात बसून राहिली होती. आयतं जेवणारी ती आयतीच राहिली.”

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मोठ्या पाळकांनी रुमाल पुन्हा काढला, आणि या वेळी कपाळावर खरा घाम होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटण खाली ओढलं आणि बोट काढून घेतलं. मजा आली मला, भयंकर मजा आली. इतक्या वर्षांचा ‘आमेन’ आईने एका दमात परत मागितला होता. मनात म्हटलं, झालं, थांबे कायम झाले. आता मत घ्यायचीही गरज नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. थांबे उभे राहिले होते. त्यांच्यापुढे माईक नव्हता, आणि त्यांचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. पण चर्चमधलं हसणं आपोआप विझलं, कारण विझल्याशिवाय ते ऐकूच आले नसते. मी हेडफोन काढून गळ्यात टाकला.

“मावशी, मार्थाचं तुम्ही बरोबर सांगितलंत,” ते म्हणाले, आणि थांबले. “मरीयाचं नाही. गुरू बोलावतोय असा निरोप आला तशी तीही लगेच उठून गेली. वाक्यही तेच बोलली, बहिणीचं. तिला रडताना पाहून येशू रडला. तेही त्याच पानावर आहे.”

आई तशीच उभी. पुन्हा एक मोठा थांबा.

“आणि पाळकसाहेबांचा मुद्दा हसण्यावारी जाऊ नये. बाईने गुरूच्या पायाशी शिकायला बसायचं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. इतकं चांगलं मला सांगता आलं नसतं. आपण त्यांना पुढे ऐकू या.”

आणि बसले.

मला त्या क्षणी जाऊन त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. अहो, तुमचीच नोकरी पणाला लागली आहे. तुमच्या बाजूने एकटी बाई उभी राहिली, आणि तुम्ही तिलाच भर मंडळीत खाली बसवता? आणि वर टेकू कुणाला देता, तर ज्याला तुमच्या जागी आणून उभं केलंय त्याला? पायावर धोंडा पाडून घ्यायचीही काही रीत असते. गादीवाले पुढच्या बाकावर हळूच मागे रेलले. आई ओठ घट्ट मिटून खाली बसली. रागावली की ती अशीच बसते.

मोठ्या पाळकांनी मात्र एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला, आणि घोटभर पाणी न पिता साध्या आवाजात म्हणाले की हे मी पाहून यायला हवं होतं. पुढचं सगळं त्यांनी त्याच साध्या आवाजात सांगितलं. इको बंद होता. मी त्यांचे इतके उपदेश ऐकले, त्यात तो सगळ्यात चांगला.

दुपारी मत. गादीवाले व्यासपीठावर उभे राहिले. नियमाप्रमाणे थांब्यांना बाहेर पाठवलं होतं. ते अंगणात नळाशी उभे असलेले खिडकीतून दिसत होते. गादीवाले म्हणाले, पाळकांना कायम करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं.

मी ताडकन उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. इकडे तिकडे पाहिलं तर गवंडी उभा, माझी बायको उभी, आणखी थोडेफार. बाकीचे सगळे बसलेले. दुसऱ्या बाकावर आई बसलेली. अपमान झालाय तिचा, म्हटलं, आणि आपली आई काही विसरणाऱ्यातली नाही. मी तारा ओलांडत तिच्याजवळ गेलो. गादीवाले मोजायला बोट वर करून उभे.

“आई, ऊठ.”

“थांब,” ती म्हणाली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट पानावर. “वाचतेय.”

मी मान वळवून पाहिलं. तिच्या शेजारची वाचत होती. मागचे दोघे एकाच पुस्तकात डोकं घालून कुजबुजत होते. ज्या काकूंचा नवरा गेला होता त्यांनी नातीला ओळीवर बोट ठेवायला सांगितलं होतं. गादीवाले दोनदा खाकरले, घड्याळाकडे पाहिलं, म्हणाले की मत म्हणजे मत, वाचनाचा तास नाही. कुणी वर पाहिलं नाही. पानांची तीच खरखर, आता माईकशिवाय.

मग आईने पुस्तक मिटलं, आत बोट तसंच ठेवून. “उठली होती खरी मरीया,” ती म्हणाली. “लगेच उठली असं लिहिलंय. बरोबर आहे त्यांचं.” चष्मा सारखा केला. “पण मार्थाला आधी निरोप न येताच जायचं सुचलं, तेही लिहिलंय. पुढच्या रविवारी सांगते त्यांना.” आणि गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली.

तिच्या मागचे उठले. मग त्यांच्या मागचे. एकदम नाही. कुणी अर्ध्या ओळीवर होतं, ते ओळ संपवून उठले. काकू नातीचा हात धरून सावकाश उठल्या. काही शेवटपर्यंत बसून राहिले, पण त्यांच्याही मांडीवर पुस्तक उघडं होतं. गादीवाले बोटाने एकेक बाक मोजत पुढे सरकत होते.

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. “तू कधी वाचलंस रे?”

मी मागे पडलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

“न वाचताच उठलास होय? मग त्या निळ्या गाडीवाल्यात आणि तुझ्यात फरक काय?”

तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. ती जागा सापडावी म्हणून स्वतःचं बोट तिने शेवटच्या क्षणापर्यंत आत ठेवलं होतं. पान तेलकट होतं. मी उभ्या उभ्या वाचायला लागलो. गादीवाल्यांनी पाळक कायम झाल्याचं सांगितलं, टाळ्या पडल्या, कुणीतरी त्यांना बोलवायला अंगणात पळालं. मी तेव्हा मार्था वाटेवर पोचली होती तिथवर आलो होतो, आणि ती काय म्हणते ते बघायचं राहिलं होतं.